उघडलेली बाटली

आमच्या घराण्यात ‘बाटली’ हा शब्द आजवर तीनच अर्थांनी वापरला गेला: औषधाची, रॉकेलची आणि तान्ह्या मुलाच्या दुधाची. चौथा अर्थ गेल्या दिवाळीच्या पाडव्याला दाखल झाला, आणि तोही मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात! वर्षभर या सदरात मी म्हणी, वाक्प्रचार, जुन्या शब्दांच्या खोडी असले काहीबाही सांगत असतो. दिवाळी अंकात मात्र घरची एखादी गोष्ट सांगायची, असा माझा रिवाज आहे. यंदाची गोष्ट एका अर्ध्या उरलेल्या बाटलीची आहे. दारूच्या नावानेच ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात त्यांनी खुशाल पान उलटावे. पण उलटण्यापूर्वी एवढे ऐकावे, की ज्याच्यासाठी ती बाटली आम्ही दोन रात्री जिवापाड जपली, तो माझा थोरला भाऊ गळ्यात तुळशीची माळ घालणारा वारकरी आहे, आणि त्याने तिच्यातला थेंबही जिभेला लावला नाही.

बाटली आणली ती दादाच्याच मुलीने, माझ्या पुतणीने. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर तिने वाइन करण्याचे रीतसर शिक्षण घेतले आणि दीड वर्षापूर्वी नाशिककडच्या एका कारखान्यात ती नोकरीला लागली. तेव्हापासून बापलेकीचे बोलणे बंद. दादा फोनवर तिच्या आईशी बोले, आई मुलीशी बोले, आणि मुलीचे उत्तर त्याच पायवाटेने परत जाई. दिवाळीला ती गावी न जाता पुण्याला आमच्याकडे आली. हे कळताच दादाने ताईला निरोप धाडला, “यंदा भाऊबीजेला माझं येणं व्हायचं नाही.” ताई आधीच आमच्याकडे येऊन उतरली होती. तिने निरोप ऐकला आणि चकलीचा सोऱ्या जरा जास्तच जोरात दाबला.

दादाचा राग केवळ माळेचा नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. वडील लवकर गेले. दादाने मॅट्रिकनंतर शाळेला रामराम ठोकून दिंडोरी तालुक्यातली आमची जमीन सांभाळली, द्राक्षबाग उभी केली, म्हणून मी एम.ए. झालो. २००१ साली सरकारने वाइन-उद्योगाला उत्तेजन देणारे धोरण आणले. नाशिक भागात गावोगाव वाइनची द्राक्षे लावण्याची लाट आली. माळकरी दादाने पुष्कळ दिवस मनाशी वाद घातला आणि शेवटी एक एकर लावली. “मी द्राक्ष विकतो, दारू नाही,” असे तो तेव्हा म्हणे. पण २००८ नंतर मंदी आली, मालाला उठाव राहिला नाही, कारखान्यांच्या टाक्या भरून राहिल्या. ज्यांच्याशी बोलणे झाले होते त्यांच्या फाटकाबाहेर २०१० च्या हंगामात दादाचा ट्रॅक्टर दोन दिवस उन्हात उभा होता. घडांना पाणी सुटले. तिसऱ्या दिवशी माल परत घेऊन जायला सांगितले. ट्रॅक्टरवर दादाशेजारी त्याची अकरा वर्षांची मुलगी बसली होती. पुढच्याच महिन्यात दादाने तो एकर मुळापासून उपटला. त्या भागात असे करणारा तो एकटा नव्हता. आणि आता तीच मुलगी तसल्याच एका फाटकाच्या आत नोकरी करीत होती!

पाडव्याच्या रात्री जेवणानंतर तिने बाटली टेबलावर ठेवली. “काका, माझ्या हाताखालून गेलेली ही पहिली खेप.” तिच्या डोळ्यांतला आनंद पाहून आमच्या सौ.ने पदराला हात पुसले आणि सरबताचे पेले काढले. झाले!

ही वाइन साधी नव्हे, फसफसणारी. फ्रान्सच्या शँपेन प्रांतात होते तिला शँपेन म्हणायचे. बाकीच्यांनी आपले साधे नाव लावायचे, असा दंडक आहे. बाटलीत भरलेल्या वाइनमध्ये थोडी साखर आणि यीस्ट घालून तोंड बंद करतात. यीस्ट साखर खाते आणि कर्बवायू सोडते, आणि वायूला बाहेर जायला वाट नसल्यामुळे तो वाइनमध्येच विरघळून बसतो. आतला दाब पाच-सहा वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ तिप्पट. एका बाटलीतला वायू मोकळा केला तर पाचएक लिटर भरतो. पाऊण लिटरच्या बाटलीत पाच लिटर वायू!

असल्या वाइनचा शोध दों पेरिन्यों नावाच्या फ्रेंच मठवासीयाने लावला, असे आपण ऐकतो. वास्तविक तो बिचारा हे बुडबुडे टाळण्याच्याच खटपटीत होता. साखर घालून वाइन फसफसती करण्याची युक्ती ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रजाने १६६२ सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात नोंदली होती. त्या काळी तळघरात एक बाटली फुटली की शेजारच्याही फुटत. कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून आत जात. बुचावर जी तारेची जाळी असते, ती १८४४ पासूनची.

पुतणीने तार सोडली, बूच घट्ट धरले आणि बाटली हळूहळू फिरवली. “बूच फिरवायचं नाही काकू, बाटली फिरवायची.” सिनेमातल्यासारखा धडाका झाला नाही. कुणी सुस्कारा टाकावा तसा ‘फुस्स’ आवाज आला, इतकेच. सौ.ने एक घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि म्हणाली, “आवळ्याच्या सरबतात सोडा घातलाय का ग?” ताईने नुसता वास घेतला. शेजारचे निवृत्त बँक-मॅनेजर फराळाला आले होते, त्यांनी मात्र सरबताच्या पेल्याला न्याय दिला. तरी निम्मी बाटली उरलीच. ती सकाळी मोरीत ओतायची, असे सौ.ने जाहीर केले.

तोच दादाचा फोन आला. ताईला म्हणाला, “ओवाळणी चुकवू नये असं वाटतंय. उद्या निघतो.” फोन ठेवून ताईने ही बातमी सांगितली तेव्हा पुतणी एकदम उभी राहिली. “काकू, बाटली ओतू नका. बाबांना मला ती दाखवायचीय. प्यायला नाही, नुसती दाखवायला. पण बुडबुड्यांसकट.”

अशा रीतीने, उघडलेल्या बाटलीतले बुडबुडे टिकवायचे कसे, हा प्रश्न आमच्या घरात ऐन दिवाळीत उभा राहिला. घरात प्रश्न उभा राहिला की सल्ले देणारे बसून राहत नाहीत.

पहिला सल्ला अर्थातच बूच परत ठोकण्याचा, आणि तो माझाच होता. पण ते बूच मुळात बाटलीच्या मानेपेक्षा पुष्कळ जाड असते, यंत्राने दाबून आत बसवलेले असते. बाहेर पडताच ते आळिंब्यासारखे फुगले होते. मी अंगठा दुखेपर्यंत दाबले. सासरी गेलेली मुलगी माहेरी परतेल, पण ते बूच काही माघारी जाईना.

दुसरा सल्ला मॅनेजरसाहेबांचा. बाटलीच्या तोंडात दांडी खाली करून एक चांदीचा चमचा अडकवायचा, फ्रान्समध्ये घरोघर तसेच करतात! आमच्या घरात चांदीचा चमचा एकच, आमच्या मुलीच्या उष्टावणाचा. सौ. म्हणाली, “ज्या चमच्याने लेकराच्या तोंडात पहिला घास गेला तो बाटलीत? मुळीच नाही.” मॅनेजरसाहेब हिरमुसले. तेव्हा पुतणीनेच मध्यस्थी केली, “राहू दे काकू, त्या चमच्याने काही होतही नाही.”

आणि खरेच होत नाही. या चमच्याची परीक्षा दोन ठिकाणी झालेली आहे. १९९४ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड झेअर आणि पाकशास्त्रावर लिहिणारे हॅरॉल्ड मॅगी यांनी चमचा घातलेल्या नि न घातलेल्या बाटल्या ठेवून लोकांना चाखायला दिल्या. चमच्याने काडीचाही फरक पडला नाही. खुद्द शँपेन प्रांतातल्या उत्पादकांच्या संस्थेनेही त्याच सुमारास बाटल्यांतला दाब मोजून पाहिला. चांदीचा चमचा, पोलादी चमचा आणि काहीच नाही, या तिन्ही बाटल्यांतला वायू सारखाच उतरला. हवाबंद झाकणाच्या बाटल्यांत मात्र तो पुष्कळच टिकला.

मग पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी चमच्यावर विश्वास का ठेवला? कारण थंड जागी उघडी ठेवलेली बाटलीसुद्धा एका रात्रीत मरत नाही. काच आतून गुळगुळीत असते, बुडबुडा धरायला तिथे आधार नसतो. मानेशी वाइनचा पृष्ठभाग लहान, त्यामुळे वायू हळूहळू निसटतो. सकाळी थोडी फसफस उरलेली दिसली की श्रेय चमच्याला! आपल्याकडे याला कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडणे म्हणतात.

तिसरा सल्लाही मॅनेजरसाहेबांचाच. घरी जाऊन ते एक हातपंप घेऊन आले. साध्या वाइनच्या बाटलीतली हवा उपसून टाकण्यासाठी तो मिळतो. हवा नसली की साधी वाइन लवकर आंबत नाही. पुतणी घाबरून म्हणाली, “काका, तो पंप हवेबरोबर वायूही ओढून घेईल. वरचा दाब कमी केला की आतला वायू आपणहून बाहेर येतो.” म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! पंप आल्या वाटेने परत गेला.

शेवटी तिने आपल्या पिशवीतून एक झाकण काढले. रबरी बुडाचे, आणि दोन बाजूंना दोन लोखंडी पकडी. बाटलीच्या तोंडाखाली जी कड असते तिच्याखाली त्या खटकन अडकतात. मला लहानपणची गोटी-सोड्याची बाटली आठवली. १८७२ साली हायरम कॉड या इंग्रजाने तिचे पेटंट घेतले. तिच्यात वायूच आपल्या दाबाने गोटी आतून तोंडाशी रेटून धरतो. कैदीच तुरुंगाचे दार लावून घेतो म्हणा ना! इथे प्रकार उलटा. वायू झाकणाला बाहेर ढकलणार, म्हणून त्याला पकडीने आवळावे लागते. नुसते बसवलेले झाकण रात्रीतून उडून लोणच्याच्या बरणीवर जायचे.

“आणि काकू, झाकण लगेच लावायचं,” पुतणी म्हणाली. “पेले भरले की बाटली मिटायची, उद्यासाठी ठेवायचंय म्हणून रात्री आठवण व्हायला नको.” बाटली जितकी रिकामी, तितका जास्त वायू वरच्या पोकळीत जाऊन बसतो. म्हणून अर्धी बाटली राखता येते. तळाशी चार बोटे उरली असतील तर ती त्याच दिवशी संपवलेली बरी. दुसऱ्या लहान बाटलीत ओतावी म्हटले, तर ओतण्यातच निम्मा जीव जातो.

झाकणाखालोखाल महत्त्व थंडीचे. वायू द्रवात किती विरघळेल हे दाबावर ठरते, हा नियम विल्यम हेन्रीने १८०३ साली सांगितला. त्याला उष्णतेची जोड द्या. शून्य अंशाजवळचे पाणी वीस अंशांच्या पाण्याच्या सुमारे दुप्पट कर्बवायू धरून ठेवते. म्हणून बाटली फ्रीजमध्ये, आणि तिथेही दारात नव्हे. दार दिवसातून पन्नास वेळा उघडते, बाटली हिंदकळते, ऊब लागते. आतल्या कोपऱ्यात, मागे, उभी. बर्फाच्या कप्प्यात मात्र चुकूनही नाही. वाइन गोठली की फुगते आणि बाटली फुटते. इतके सगळे केले, तर दोन-तीन दिवस निभावतात. त्यापुढे आशा धरू नये.

आमच्या फ्रीजच्या आतल्या कोपऱ्यात श्रीखंडाचे पातेले होते. सौ.ने ते निमूटपणे बाहेर काढले, शेजाऱ्यांकडे ठेवायला दिले, आणि बाटलीला जागा करून दिली. दारावर चिठ्ठी चिकटवली: ‘हळू उघडा.’

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला सकाळी, दादाचा पुन्हा फोन. आभाळ भरून आले होते. ऑक्टोबरातल्या छाटणीनंतर बागेवर कोवळी फूट असते, पावसाचे चार थेंब पडले की डाऊनीची भीती. फवारणी केल्याशिवाय निघता येत नव्हते. “उद्या संध्याकाळी पोचतो. ओवाळणी एक दिवस उशिरा.” म्हणजे बाटलीची आणखी एक रात्र. पुतणी दिवसभर फ्रीजच्या आसपास घुटमळत होती. एकदाही उघडून पाहिले नाही तिने. उघडून पाहणे म्हणजेच घालवणे, हे तिला ठाऊक होते. मी मात्र तिच्या तोंडाकडे पाहत होतो. दीड वर्ष न बोललेला बाप येणार, आणि त्याला सांगायचे सगळे तिने त्या अर्ध्या बाटलीवर टाकले होते. फसफस उतरली असती, तर तिने काय दाखवले असते? आंबूस पाणी!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा आला. ताईने ओवाळले. दादाने मुलीकडे पाहिले, “बरी आहेस?” म्हणाला, ती “हो” म्हणाली, आणि संभाषण तिथेच संपले. फराळ झाला. शेवटी पाणी घ्यायला म्हणून दादा स्वतःच उठला आणि त्याने फ्रीजचे दार उघडले. चिठ्ठी वाचून हळूच उघडले, हे विशेष. बराच वेळ तो आत पाहत राहिला.

“ही तुझी?” त्याने पाठमोऱ्यानेच विचारले.

“हो बाबा. दोन रात्री झाल्या उघडून. तुम्हाला दाखवायला ठेवलीय.”

तिने बाटली काढली. सुती फडक्याने काचेचा पेला आतून पुसला. मला वाटले, स्वच्छतेसाठी. नंतर कळले, की अगदी निर्मळ पेल्यात बुडबुडे फारसे उठतच नाहीत. ते काचेला चिकटलेल्या कापसाच्या बारीक तंतूंच्या पोटात जन्मतात. फ्रान्समधल्या रीम्सच्या विद्यापीठात जेरार लिजे-बेलेर या शास्त्रज्ञाने अतिवेगवान कॅमेऱ्याने हे दाखवून दिले आहे. तिने पकडी सोडल्या. आम्ही सगळे कान देऊन उभे. ‘फुस्स.’ पाडव्याच्या रात्रीपेक्षा बारीक, पण आवाज आला! पेल्यात वाइन ओतताच तळापासून मोत्यांची एक सरळ सर वर चढू लागली.

दादाने पेला उचलून दिव्यापुढे धरला. द्राक्षाचा मणी उन्हाकडे धरून पाहायची त्याची जुनी सवय आहे, तसाच.

“गोडी किती असताना तोडता?”

“अठराच्या आसपास, बाबा. साध्या वाइनपेक्षा लवकर. आंबटपणा राहावा लागतो. पहाटे तोडतो, ऊन चढायच्या आत कारखान्यात.”

“पैसे?”

“ठरल्या तारखेला.”

“आणि माल नापास झाला तर शेतकऱ्याला कोण सांगतं?”

ती क्षणभर थांबली. “या हंगामापासून मी सांगते.”

खोलीत कुणी बोलेना. दादाने पेला टेबलावर ठेवला. “मग लवकर सांगत जा,” तो म्हणाला. “माणसाला फाटकाबाहेर उन्हात उभा करू नकोस.”

“मी ट्रॅक्टरवर होते, बाबा,” ती म्हणाली. तिला आणखी काही बोलता आले नाही, आणि दादालाही नाही. सौ. उगाचच चहा टाकायला आत गेली. चहा नुकताच झाला होता.

दादाने चिवड्याच्या बशीतला एक बेदाणा उचलला आणि पेल्यात टाकला. बेदाणा तळाशी गेला, त्याच्या सुरकुत्यांवर बुडबुडे जमले, ते त्याला वर घेऊन आले, वर येताच ते फुटले आणि तो पुन्हा खाली गेला. खाली, वर, खाली, वर. उतरलेल्या वाइनमध्ये बेदाणा टाकला की ती ताजी होते असे काही लोक म्हणतात. त्यात तथ्य नाही. बेदाणा नवा वायू आणत नाही, आहे तोच लवकर बाहेर काढतो.

“बाबा, त्याने वायू लवकर जातो,” पुतणी म्हणाली.

“जाऊ दे की,” दादा म्हणाला. “ठेवायची होती तेवढी ठेवलीस.” आणि तो हसला. त्याचे ते हसू मी फार दिवसांनी पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक एकाच बसने नाशिककडे गेले. खिडकीशी कुणी बसायचे यावरून बसच्या पायरीवरच त्यांची वादावादी चालली होती, म्हणजे बोलणे पूर्ववत सुरू झाले होते. घरी येऊन मी बाटली पाहिली. रात्रीच्या गडबडीत झाकण लावायचे राहून गेले होते आणि ती ओट्यावरच उघडी होती. तळाशी चार बोटे उरलेली. चव घेतली, ती अगदी बसली होती. बुडबुडे नाहीत, आवाज नाही, नुसता द्राक्षाचा आंबटपणा. सौ.ने ती मोरीत ओतली, बाटली धुतली, आणि आता तिच्यात मनीप्लँटची वेल लावली आहे.

झाकण मात्र आम्ही जपून ठेवले आहे. ते उष्टावणाच्या चमच्याशेजारी, त्याच डब्यात असते. यंदाच्या भाऊबीजेला दादा येतो म्हणाला आहे, आणि तोही मुलीला घेऊन. सौ.ने आतापासूनच सांगून ठेवले आहे, की यंदा श्रीखंड फ्रीजमधून हलणार नाही. बाटली आलीच, तर ती त्याच रात्री संपवायची.